लोक बसेपर्यंत

वहिनींना सख्खा दीर नव्हता, तरी सगळी गल्ली त्यांना वहिनीच म्हणायची. सुरुवात केली ती मास्तरांकडे व्हायोलिन शिकायला येणाऱ्या मुलांनी. मग मुलांचे आईबाप म्हणायला लागले, मग खालचा इस्त्रीवाला, मग पोस्टमन. एकदा तर भर बाजारात खुद्द मास्तरांनी लांबून हाक मारली, "अहो वहिनी". घरी आल्यावर वहिनींनी फैलावर घेतलं, तेव्हा म्हणाले, "अगं म्हटलं की चार बायका वळून बघतात. वहिनी म्हटलं की तू एकटीच."

मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. शाळेत संगीत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात स्वतः संगीत रचायचे. तरुणपणी त्यांना सगळं मोठं लागायचं. शंभर मुलांचं समूहगान, वर बिगुल, वर ढोल. गावाच्या नव्या पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनासाठी त्यांनी एक रचना केली होती. ती इतकी लांबली की पाहुण्यांना धीर निघेना. पाहुण्यांनी मधेच पाण्याचं चाक फिरवलं, पाणी धो धो आलं आणि ढोलवाली पोरं नखशिखान्त भिजली. मास्तर तरीही शेवटच्या सुरापर्यंत हात हलवत उभे होते. लोकांच्या लक्षात पाणी राहिलं, संगीत राहिलं नाही. मास्तरांनी ते मनाला लावून घेतलं आणि पुढच्या वर्षी आणखी लांब काहीतरी लिहिलं.

निवृत्त झाल्यावर, डॉक्टरांनी दगदग बंद सांगितल्यावर, गाडी एकदम दुसऱ्या रुळावर गेली. मास्तर छोटे छोटे तुकडे लिहायला लागले, फक्त व्हायोलिन आणि पियानोसाठी. कारण काही खोल नव्हतं. व्हायोलिन त्यांना येत होतं, पियानो वहिनींना येत होता, आणि कुणाच्या विनवण्या करायला घराबाहेर पडायला नको. "शंभर मुलांना गप्प करण्यापेक्षा एका बायकोला बोलतं करणं सोपं," ते म्हणायचे.

"तिला बोलतं करायला काय लागतं," वन्सं आतून म्हणायच्या.

वन्सं म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. कैक वर्षं याच घरात होत्या. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. घरातली बाकी सगळी कामं त्यांनी हळूहळू वहिनींच्या अंगावर सोडली होती, पण दूध तापवणं स्वतःकडे ठेवलं होतं. त्यात दुसऱ्या कुणी हात घातलेला त्यांना खपत नसे. दूध मंद आचेवर ठेवायचं आणि स्वयंपाकघराच्या दारात चौकटीला टेकून भाऊ-भावजयीचं वाजवणं ऐकायचं, हा त्यांचा दुपारचा नेम.

तुकडेही बेताचेच असायचे, दूध तापेपर्यंत संपणारे. एकाचं नाव "जिना", त्यात व्हायोलिन धापा टाकत वर चढायचं. एक "गळका नळ". एक "शेजाऱ्यांचं मांजर". एक "इस्त्री", त्यात व्हायोलिनचा गज लांबच लांब सरळ फिरायचा आणि मधूनच पियानोतून वाफ निघाल्यासारखी यायची. खालच्या इस्त्रीवाल्याला तो आपल्यावर आहे हे कळलं तेव्हापासून तो मास्तरांचे शर्ट जरा जास्तच कडक करायला लागला. शेवटचा लिहिलेला "दुपारची झोप". असे नऊ तुकडे, तीन-चार वर्षांत मिळून. वहिनींना ते मनापासून आवडायचे. टाकीवालं संगीत वाजायचं तेव्हा त्या डोळे मिटून देवाचं नाव घ्यायच्या, लवकर आटपू दे म्हणून. या तुकड्यांच्या वेळी तसं काही मागावं लागत नव्हतं.

वहिनींचा पियानो मात्र कुठल्या शाळेतला नव्हता. तो प्रार्थनाघरातला होता. लहानपणी त्यांची मावशी तिथे पियानो वाजवायची. मावशीची नजर अधू झाली तेव्हा भाचीला शेजारी बसवून तिने सगळी प्रार्थनागीतं शिकवली, आणि त्याबरोबर एक काम शिकवलं. गीत चालू असताना सगळे लोक उभे असायचे. गीत संपलं की पियानोवालीने दोन्ही हातांची बोटं एकदम टेकवून एक भरदार जोडसूर द्यायचा. तो ऐकून लोक खाली बसायला लागायचे. मग थांबायचं. म्हातारी माणसं, पोटुशा बायका, कडेवर पोर असलेल्या आया यांना वेळ लागतो. शेवटचा माणूस टेकला, की दुसरा जोडसूर, हलका. म्हणजे आता शांत व्हा.

"कुणी अर्धवट वाकलेलं असताना दुसरा सूर दिलास तर त्याचा अपमान होतो," मावशी सांगायची. "तो म्हणतो, देवालासुद्धा माझ्यासाठी थांबायला वेळ नाही. आपण तिथे देवाच्या वतीने थांबायचं असतं, कळलं का?"

ते वहिनींच्या बोटांत इतकं मुरलं, की पुढे काहीही वाजवलं तरी शेवटी ते दोन सूर यायचेच. बडबडगीत वाजवलं तरी दोन सूर. मुलांना सराव म्हणून नुसती सप्तकं वाजवून दाखवली तरी दोन सूर. मास्तरांनी त्याला नाव ठेवलं होतं शेपूट.

"परत शेपूट," तुकडा संपला की गज मांडीवर आपटून ते म्हणायचे. "हे संगीत आहे, प्रार्थनाघर नाही."

"मग संगीत संपल्यावर माणसांनी काय उभंच राहायचं?"

"कोण उभं आहे इथे?"

"वन्सं आहेत ना."

आणि वन्सं खरंच असायच्या. शेपटाचा पहिला सूर आला की त्या वळायच्या, गॅस बंद करायच्या, भिंतीला धरत धरत आपल्या खुर्चीपर्यंत यायच्या आणि "आई गं" करत बसायच्या. तोवर वहिनींची बोटं पट्ट्यांवर अधांतरी. खुर्ची करकरली की दुसरा सूर. मग मास्तरांचं बोलणं सुरू. एकदा वहिनींनी अगदी ठरवून हात मांडीखाली दाबून ठेवले, तर तोंडातूनच "हं… हं" असं निघालं. तेव्हापासून मास्तरांनी हात टेकले, पण ओरडणं सोडलं नाही. रोजच्या भांडणात एक ठरलेला विषय असला की बरं पडतं, नवीन शोधत बसावं लागत नाही.

मग मास्तरांचा गजाचा हात थरथरायला लागला. आधी थोडा, मग असा की "जिना" चढताना व्हायोलिन पायऱ्या चुकायला लागलं. एके दिवशी त्यांनी व्हायोलिन पेटीत ठेवलं, पेटी कपाटावर ठेवली, आणि नऊ तुकडे घरात असून मुके झाले. वहिनी एकट्याने वाजवायला बसल्या नाहीत. जोडीचं काम एकट्याने करणं त्यांना ताटात एकच चप्पल वाढल्यासारखं वाटे, असं त्या म्हणायच्या, आणि वन्सं विचारायच्या, "ताटात चप्पल कोण वाढतं?"

सहा-सात महिने असे गेले. मास्तर खिडकीत बसून राहायचे. जेवायचे, औषध घ्यायचे, विचारलं की बरं आहे म्हणायचे. वहिनी सकाळच्या प्रार्थनेत एकच मागणं मागायच्या, "देवा, यांना ते एकदा ऐकू दे. वाजवायला नको, नुसतं बसून ऐकू दे."

देवाने त्यांची लेक पाठवली.

लेक मोठ्या शहरात वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायची. सुट्टीला आली, कपाटावरच्या पेटीवरची धूळ पाहिली, खणातले तुकडे काढून उभ्या-उभ्या वाजवून पाहिले आणि कुणाला न विचारता वाचनालयाचा हॉल ठरवूनच घरी आली. "बाबांच्या छोट्या रचना," तिने सांगून टाकलं. "मी वाजवणार. पियानोला माझा मित्र येतोय. बाबा, तुम्ही फक्त समोर बसायचं."

मास्तर नको नको म्हणाले, पण त्याच संध्याकाळी न्हाव्याकडे जाऊन आले. वहिनींचा जीव भांड्यात पडला.

मित्र आला तो दारातून वाकूनच आत आला. इतका उंच, की वन्संनी त्याच्याकडे खालून वर सावकाश पाहिलं आणि त्याचं नाव ठेवलं शिडी. "हा नुसता पियानोच वाजवतो ना?" त्यांनी भाचीला विचारलं.

"आत्या."

"विचारलं. माळ्यावरचे डबे काढायचे होते."

पोरगा गुणी होता. त्याने तुकडे आधीच घरून बसवून आणले होते. वहिनींच्या पियानोसमोर बसला, गुडघे मावेनात म्हणून तिरका झाला आणि म्हणाला, "काकू, तुम्ही बसा ना ऐकायला." पण वहिनींनी पीठ मळायला घेतलं होतं, आणि खरं सांगायचं तर समोर बसायची त्यांना लाज वाटत होती. आपल्या जागेवर दुसरं कुणी बसलेलं बघताना चेहरा कसा ठेवायचा हे त्यांना माहीत नव्हतं. त्या स्वयंपाकघरात राहिल्या. वन्संनी दूध ठेवलं आणि दारात उभ्या राहिल्या. मास्तर आरामखुर्चीत, नवे केस कापलेले, हात मांडीवर.

"जिना" सुरू झाला. लेकीचं व्हायोलिन असं चढलं की वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. पियानो स्वच्छ, टपोरा, एकही बोट इकडचं तिकडे नाही. वर पोचलं व्हायोलिन, शेवटच्या पायरीवर थांबलं, आणि दोघांनी हात खाली घेतले.

मास्तर कान देऊन तसेच पुढे झुकलेले.

"पुढे?" मास्तर म्हणाले.

"संपलं, बाबा."

"असं कसं संपलं? दारात पोचला आणि दार उघडलंच नाही."

शिडीने कागद पाहिला, लेकीने कागद पाहिला. जे लिहिलं होतं ते सगळं वाजलं होतं. "परत घेऊ," लेक म्हणाली. परत घेतला. परत तसंच. मास्तर म्हणाले, पियानो घाई करतोय. पियानोने घाई केली नाही. मग म्हणाले, पेडल कमी. पेडल कमी केलं. मग "गळका नळ" घेतला, तो गळता गळता मधेच बंद पडला. "मांजर" घेतलं, ते भिंतीवर चढून तिथेच राहिलं. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी खोली अशी व्हायची, जशी कुणी बोलता बोलता उठून गेल्यावर होते.

आणि मग स्वयंपाकघरात फस्स झालं. दूध उतू गेलं होतं. शेगडीवर, ओट्यावर, खाली जमिनीवर.

वन्संच्या हातून दूध उतू जाणं ही साधी गोष्ट नव्हती. वन्सं स्वतःच आधी थक्क झाल्या आणि मग भडकल्या. "मला कळलंच नाही रे कधी संपलं ते. मी आपली उभी. म्हटलं चाललंय अजून."

त्यांनी ते दुधाबद्दल म्हटलं होतं. पण मास्तरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ते आरामखुर्चीतून उठले. "बघ," लेकीला म्हणाले, "तुझ्या आत्यालासुद्धा कळतं. जिला दोन सुरांतला फरक कळत नाही तिलासुद्धा. अर्धवट आहेत सगळे. मोठं लिहिलं तेव्हा संपता संपेना, आणि छोटं लिहिलं तर संपवता आलं नाही. हॉलवाल्यांना सांगून टाक, कार्यक्रम नाही म्हणून."

"बाबा, असं कसं?"

"आणि ते कागद खणात नको ठेवूस. रद्दीत टाक." ते आत गेले आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर वहिनींना इतकी काळजी वाटली नसती.

वहिनी पिठाकडे बघत होत्या. पिठाच्या गोळ्यावर दोन्ही हातांची दहा बोटं खोल उमटली होती, जोडसुराची. एकदा नाही, प्रत्येक शेवटाची एकेकदा. त्यांच्या नकळत हातांनी प्रत्येक वेळी आपलं काम केलं होतं.

त्यांना सगळं एकदम उमगलं, आणि आधी हसू आलं. इतकी वर्षं शेपूट शेपूट म्हणून ओरडणाऱ्या या माणसाच्या कानाने ते शेपूट कधीच आपलंसं करून टाकलं होतं. तुकडा लिहिताना शेवटाशी आले की त्यांच्या कानात वहिनींचे दोन सूर आपोआप वाजत असणार. मग कागदावर लिहायची गरजच काय? रोज ते येतच होते. आणि आले की हे रागावतच होते.

मग हसू मावळलं. कारण हे जाऊन सांगायचं कसं? "अहो, तुमच्या तुकड्यांना माझं शेपूट लागतं" असं बंद दारातून ओरडायचं? आधीच खचलेल्या माणसाला हे म्हणजे वरून टपली. त्या शेगडी पुसत पुसत देवाशी बोलल्या, नेहमीप्रमाणे ओठ न हलवता. "देवा, मला खरं ठरवू नकोस. मी इतकी वर्षं बोलणी खाल्ली ती मला पचली. यांना खोटं न पाडता निभाव. आणि लवकर काय ते सुचव, हॉलवाल्याला फोन जायच्या आत."

सुचलं. त्यांनी लेकीला आणि शिडीला दूध आणायला पिटाळलं. वन्संना म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही जरा तिथेच उभ्या राहा."

"माझे गुडघे काय भाड्याने आणलेत?"

"एक तुकडाभर."

हात धुऊन त्या पियानोवर बसल्या. शिडीने स्टूल खूप खाली घेतलं होतं, ते वर केलं. आणि "दुपारची झोप" वाजवायला लागल्या, नुसता पियानोचा भाग. व्हायोलिनच्या जागा रिकाम्या सोडल्या. त्यात डोळे मिटतात, जड होतात, मान कलते, मधेच एकदा दचकून जाग येते, परत मान कलते. शेवटाला आल्या. बोटं आपणहून पहिल्या जोडसुराकडे निघाली, आणि वहिनींनी ती उचलून घेतली. आयुष्यात पहिल्यांदा. घास तोंडापाशी नेऊन परत ताटात ठेवावा तसं झालं. तोंडातून हं सुद्धा निघू दिलं नाही.

खोली तशीच राहिली. वन्सं दारात उभ्या. आतल्या खोलीत खाट करकरली. मग काही नाही. मग खोकला. मग सपाता. दार उघडलं.

"अगं, पुढे?" मास्तर म्हणाले.

"पुढे काही लिहिलेलं नाही."

"लिहिलेलं नाही काय? रोज तर…" आणि ते थांबले.

वहिनी पट्ट्यांवरची नसलेली धूळ पदराने पुसत बसल्या. मास्तर पियानोजवळ आले, कागद उचलला, चष्मा लावला, शेवटची ओळ पाहिली. मग "जिना" काढला, त्याची शेवटची ओळ. मग "मांजर". एकेक करत नऊच्या नऊ पाहिले. कान लाल होत गेले.

"नऊही," ते म्हणाले.

"मला वाटलं तुम्ही मुद्दाम ठेवलेत असे."

ही वहिनींची थाप होती, आणि देवाने ती माफ केली असावी, कारण मास्तरांनी लगेच ती पकडली. "मुद्दामच," ते म्हणाले. आणि मग त्यांना स्वतःलाच ते ऐकवलं नाही. ते हसायला लागले, चष्मा काढून, डोळे पुसत, दम लागेपर्यंत.

"दे," शेवटी म्हणाले. "ताई ताटकळली आहे."

वहिनींनी पहिला सूर दिला. वन्सं भिंतीला धरत निघाल्या, खुर्चीपर्यंत आल्या, "आई गं" करत बसल्या. दुसरा सूर.

"आता झालं," वन्सं म्हणाल्या. "मघापासून हेच तर म्हणतेय."

दूध घेऊन पोरं परत आली तोवर मास्तर पेन्सिल घेऊन बसले होते. दोन सूर लिहिणं सोपं होतं, ते त्यांनी नऊही तुकड्यांखाली लिहिले. अडलं ते मधल्या जागेवर. शिडीने विचारलं, "या दोघांच्या मध्ये किती मात्रा थांबायचं?" मास्तरांनी आधी चार लिहिल्या. वाजवून पाहिलं, लाकडी वाटलं. सहा केल्या, तरी लाकडीच. खोडलं, परत लिहिलं, कागदाला भोक पडायची वेळ आली. शेवटी त्यांनी वहिनींना विचारलं, "अगं, तू किती थांबतेस?"

"लोक बसेपर्यंत," वहिनी म्हणाल्या.

मास्तरांनी तेच लिहिलं. नऊ तुकड्यांखाली नऊ वेळा, दोन सुरांच्या मध्ये: लोक बसेपर्यंत.

शिडीने ते नऊही तुकड्यांखाली वाचून पाहिलं. मग म्हणाला, "काकू, मला हे जमणार नाही असं नाही. पण माझं लक्ष कागदावर असणार, लोकांवर नाही. तुम्ही माझ्या शेजारी पानं उलटायला बसा. शेवटी मी सरकतो, तुम्ही ते द्या. आणि मला शिकवाही."

"मी? अहो, इतक्या लोकांसमोर?"

"प्रार्थनाघरात लोकच होते की," लेक म्हणाली.

"ते देवाकडे बघत होते."

"इथेही कुणी तुझ्याकडे बघणार नाही," मास्तर म्हणाले. "सगळे या मुलाच्या उंचीकडे बघतील."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी वहिनी ठेवणीतले कपडे घालून पियानोशेजारच्या लहान स्टुलाच्या अगदी कडेवर बसल्या. वाचनालयाचा हॉल मोठा नव्हता, पण बऱ्यापैकी भरला होता. मास्तरांचे जुने विद्यार्थी, आता टक्कल पडलेले. त्यांतला एक टाकीच्या दिवशी भिजलेला ढोलवाला होता, आणि तो छत्री घेऊन आला होता. मास्तरांना दाखवून त्याने ती खुर्चीला अडकवली. पहिल्या रांगेत वन्सं, गुडघे पसरता यावेत म्हणून कडेला, आणि त्यांच्या शेजारी मास्तर.

"जिना" चढला. व्हायोलिन वर पोचलं, शिडी सरकला, वहिनींनी बोटं टेकवली. पहिला सूर हॉलभर गेला. आता लोक तर बसलेलेच होते. वहिनी दुसऱ्यासाठी हात उचलणार, तेवढ्यात मागचं दार उघडलं. इस्त्रीवाला. दुकान बंद करून धावत आला होता, चपला हातात घेऊन, चवड्यांवर. त्याला वाटलं, आपण अगदी गुपचूप आलो. मग त्याच्या लक्षात आलं की सगळा हॉल शांत आहे आणि पियानोवर वहिनी, हात तसेच ठेवून, आपल्याकडे बघताहेत. तो घाबरला. त्याने मधल्या रांगेत घुसायचं ठरवलं, दोघांच्या पायांवर पाय दिला, चपलेसकट हात जोडून माफी मागितली, एकदाचा खुर्चीवर टेकला. खुर्ची करकरली.

दुसरा सूर.

आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळा हॉल हसला, आणि त्या हसण्यातूनच टाळ्या सुरू झाल्या. इस्त्रीवाल्याला वाटलं आपल्यालाच, म्हणून तो परत उठून वाकला. वहिनी स्टुलाच्या कडेवरून सरकून नीट बसल्या. लोकच की हे. उशिरा येणारे, गुडघे दुखणारे, तेच.

मग हॉललाही सवय झाली. पहिला सूर आला की लोक खुर्चीत सावरून बसत, उरलेला खोकला खोकून घेत, मूल या मांडीवरून त्या मांडीवर घेत. सगळ्यांचं झालं की दुसरा. "इस्त्री"च्या वेळी इस्त्रीवाला ताठ बसला होता, स्वतःच इस्त्री केल्यासारखा.

मास्तरांना मात्र बसवेना. तिसऱ्या तुकड्याला ते उठले आणि बाजूच्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. वन्संनी दोनदा त्यांच्या सदऱ्याला धरून ओढायचा प्रयत्न केला, पण ते हाताच्या अंतराबाहेर होते. त्यांचा थरथरता हात अधूनमधून हवेत उठायचा आणि गज धरल्यासारखा फिरायचा. पुढचे सगळे तुकडे त्यांनी उभ्याने ऐकले; पहिला सूर आला की घटकाभर येऊन टेकायचे, दुसरा झाला की परत भिंतीपाशी.

शेवटी आली "दुपारची झोप". डोळे मिटले, मान कलली, दचकली, परत कलली. व्हायोलिन अलगद थांबलं. शिडी सरकला. वहिनींनी पहिला सूर दिला आणि हॉलवर नजर फिरवली. सगळे सावरून बसलेले. इस्त्रीवाला बसलेला. ढोलवाला बसलेला.

एकच माणूस उभा होता, भिंतीपाशी.

वहिनी थांबल्या. मास्तर दुसऱ्या सुराची वाट बघत होते. वहिनी त्यांच्या बसण्याची. त्यांनी डोळ्यांनी खुणावलं, बसा ना. मास्तरांनी मान हलवली, नाही. बसलो की संपणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट होतं की पहिल्या रांगेतल्यांनाही वाचता आलं. पहिला सूर विरत विरत अगदी बारीक झाला. लेकीने गज तसाच धरून ठेवला होता. वहिनींनी बोटं उचलली नाहीत. मावशीने सांगितलं होतं ते सांगितलं होतं, मग तो नवरा का असेना.

"अरे, टेक की आता," वन्सं मोठ्याने म्हणाल्या, आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर थाप मारली. "दूध उतू जाईल."

सगळा हॉल हसला. मास्तरही हसले. ते भिंत सोडून हळूहळू खुर्चीपर्यंत आले, एक हात बहिणीच्या खांद्यावर ठेवला, वाकले, अर्धवट वाकलेलेच एकदा पियानोकडे वळून पाहिलं.

वहिनी हलल्या नाहीत.

ते बसले.